वळणावरची नापा

माझी धाकटी बहीण नापा वळणावर स्कूटरवरून पडली, तेव्हा रुग्णवाहिकेच्या आधी तिथे प्रासोपचा मोबाईल पोचला. प्रासोप म्हणजे आमच्या गावचा बिनपगारी बातमीदार. लाईट गेली, साप निघाला, कुणाचा नवरा पळाला, सगळं त्याच्या फेसबुकच्या पानावर. त्याने रक्त बघितलं आणि लिहून टाकलं, ‘तरुणीचा जागीच मृत्यू.’ सोबत फोटो. फोटोत स्कूटरची नंबरप्लेट अगदी लख्ख.

इकडे नापा दवाखान्यात मोडक्या पायाने डॉक्टरांशी भांडत होती, तोवर अर्ध्या तालुक्याने तो नंबर लॉटरीला लावला होता. आमच्याकडे अपघाताचा फोटो आला की लोक आधी नंबरप्लेट वाचतात. अवचित मेलेलं माणूस जाता जाता नशीब देऊन जातं म्हणे. आणि मेला तो नंबर लागला!

मग काय विचारता. वळणावरच्या शिरीषाच्या झाडाला रंगीत फिती बांधल्या गेल्या. बुंध्याशी उदबत्त्या, लाल सरबताच्या बाटल्या, नवे झगे आणि मधोमध चौकटीत माझ्या बहिणीचा हसरा फोटो. मी तडक प्रासोपच्या घरी गेले.

“मुडद्या, तिचा श्वास बघायला वेळ नव्हता, नंबरप्लेट बरी दिसली तुला!”

“चुकलं ताई. आत्ता खुलासा टाकतो.”

टाकला बिचाऱ्याने. पण तो वाचला कुणी? खाली एकाने लिहिलं, ‘घरचे लपवतायत. नशीब एकट्यांनाच हवंय त्यांना.’

नापा कुबड्या घेऊन घरी आली आणि हे ऐकून पेटलीच. “मी स्वतः जाऊन सांगते, जिवंत आहे म्हणून!” संध्याकाळी पांढरा शर्ट घालून खुरडत गेली. झाडाखाली सालीवर पावडर चोळून आकडे शोधणाऱ्या बायका किंचाळत पळाल्या. एकीने पळता पळता व्हिडिओ काढला. दुसऱ्या दिवशी तो सगळीकडे. ‘बघा, पाय जमिनीला लागत नाही.’ अहो, प्लास्टरातला पाय, तो जमिनीला लागेल कसा?

मग नापाने स्वतःचा व्हिडिओ टाकला. “मी नापा. मला काही झालेलं नाही.” त्याखाली लोकांनी लिहिलं, ‘आवाज वेगळाच येतोय.’ ‘देवी, या वेळचा आकडा सांग.’

ती औषधाच्या दुकानात कामाला होती. मालक म्हणाला, “थोडे दिवस घरीच राहा पोरी, गिऱ्हाईक बिचकतं.” शेजारीण ती दिसली की हात जोडायची. हळूहळू नापा बोलेनाशी झाली. तासन्‌तास मोबाईलमध्ये त्या झाडाखालचा स्वतःचा फोटो बघत बसायची. मला लोकांचा संताप यायचा, आणि खरं सांगते, तिची भीतीही वाटायला लागली. ती झोपली की मी तिच्या नाकापाशी हात धरून बघायची. माझी मलाच लाज वाटायची.

आई तेवढी तिच्यावर पूर्वीसारखी ओरडायची. “भात टाकायचा नाही ताटात! केस विंचर ते!” ते ऐकलं की नापाच्या तोंडावर जरा रंग यायचा. आई आहे तोवर ही सावरेल, असं मी धरून चालले होते.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात लॉटरीची पुढची सोडत होती. आदल्या दुपारी मी माझं नूडल्सचं दुकान लवकर बंद करून घरी आले. नापा चटईवर आडवी होती आणि आई तिच्या पायाशी बसून पावडर चोळत होती. मला वाटलं, माया करतेय. मग जवळ जाऊन बघितलं. आईने पाय खिडकीच्या उजेडाकडे वळवला होता. जखमेच्या वणावर ती बोट गोल गोल फिरवत होती, डोळे बारीक करून, झाडाच्या सालीवर पावडर चोळून लोक आकडे शोधतात ना, अगदी तशीच.

नापा जागी होती. वर पत्र्याकडे बघत म्हणाली, “दिसतंय का गं आई काही?”

आईने मान वर केली नाही.

“हलू नकोस,” ती म्हणाली.