वच्छलाबाईंची ड्युटी

"माय, थांबू नको. पिवळा होते तो."

"मी कुठी थांबली बापा? चष्मा सावरला जरासा," वच्छलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हाताखालचा माऊस पुन्हा गोल गोल फिरवायला घेतला. डाव्या हाताने त्या ताटातली तूर निवडत होत्या. लॅपटॉपवर त्यांच्या लेकाच्या, गजेंद्रच्या नावापुढचा ठिपका हिरवागार होता, आणि गजेंद्र मात्र मागच्या दाराच्या पायरीवर बसून रेल्वेरुळांकडे बघत होता.

कंपनीत प्रत्येकाच्या नावापुढे असा ठिपका असे. हात हलता असला की हिरवा, थांबला की थोड्या वेळात पिवळा. पिवळा झालेला वरच्या लोकांना दिसायचा. दिवाळीनंतर एका सकाळी पुण्यात ऑफिसच्या तळघरात गजेंद्रने गाडी लावली आणि त्याला गाडीतून उतरताच येईना. पाय दुखत नव्हते, ताप नव्हता. वॉचमनने काच वाजवली तेव्हा दुपार झाली होती. पूनम, त्याची बायको, शाळेत शिक्षिका. तिने फार प्रश्न विचारले नाहीत. "आईंकडे राहून काम कर थोडे दिवस," एवढंच म्हणाली. कंपनीला त्याने सांगितलं की आईचे गुडघे धरलेत. वच्छलाबाईंचे गुडघे असे होते, की नांदुऱ्याच्या बाजारातून त्या दोन पिशव्या भरून पायी येत.

सीनियर मॅनेजर हा त्याचा हुद्दा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! घरी आल्यावर तो जेवताजेवता उठायचा, माऊस हलवायचा आणि परत ताटावर बसायचा. दोन दिवस हे पाहून वच्छलाबाईंनी विचारलं, "इतकंच काम आहे काय रे? दे, मी हालवते. तू जेव." त्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि जेवून भिंतीकडे तोंड करून संध्याकाळपर्यंत पडून राहिला. तेव्हापासून ती वच्छलाबाईंची ड्युटी झाली. गजेंद्रला लाज वाटे, आणि लाजेपेक्षा मोठी सुटका वाटे. मीटिंगपुरता तो आत येई, ऐकून घेई, 'ओके' म्हणे, आणि परत पायरीवर.

वच्छलाबाई मात्र खुशीत होत्या. शेजारच्या जनकाबाई भजनाला बोलवायला आल्या की त्या दारातूनच सांगत, "आता नाही जमत बाई. पोरानं मलेबी कंपनीत लावलं."

"पगार किती देतेत?"

"पगार त्याचा, ड्युटी माही!"

एक दिवस सकाळी सुचिता मॅडमचा फोन आला. सुचिता मॅडम म्हणजे गजेंद्रच्या वरच्या साहेब, पुण्याच्या. त्यांनी सरळ सांगितलं की प्रत्येक टीममधला एक माणूस कमी करायचाय. ज्याचा ठिपका जास्त वेळ पिवळा, त्याचं नाव संध्याकाळपर्यंत हवं.

गजेंद्रला शोधायची गरजच नव्हती. त्याच्या टीममध्ये पिवळा एकच होता, प्रसेनजित. पोरगा हुशार. सुरुवातीला मीटिंगमध्ये इतके प्रश्न विचारायचा की बाकीचे वैतागायचे. आता फक्त 'ओके सर' म्हणायचा. नाव आपलं आपणच सापडलं, म्हणून गजेंद्रला हायसं वाटलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत काही त्याने शोधून काढलेली नव्हती.

"काय म्हनते मॅडम?" वच्छलाबाईंनी विचारलं. माऊस चालूच होता.

"एका पोराची नौकरी जाते. ठिपका पिवळा राह्यते त्याचा."

"कोनाचा पोरगा?"

"प्रसेनजित नाव आहे. आपल्याच जिल्ह्यातला, दुसरबीडचा. पुण्यात खोली करून एकटा राह्यते."

"काम नाही करत?"

"पहिले लय करे. आता नुसता बसून राह्यते म्हनतेत."

वच्छलाबाईंनी ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "मंग त्याच्याजवळ माऊस हालवाले कोनी नाही काय रे?"

त्यात टोमणा नव्हता. कळवळून विचारलं होतं त्यांनी, परगावी ताप आलेल्या पोराजवळ कोणी आहे का विचारावं तसं. गजेंद्र उठला. तो पायरीवर गेला, पण आज त्याला तिथे बसवेना. त्याने प्रसेनजितला फोन लावला.

"येस सर."

"मराठीत बोल. मी नांदुऱ्याचा आहे."

"नांदुऱ्याचे? इतकी वर्षं सोबत काम करून राह्यलो सर, कधी बोलले नाही तुम्ही."

"नाही बोललो. काय चालू आहे तुहं?"

"खोटं काऊन सांगू? सकाळी लॅपटॉप उघडतो अन् समोर बसून राहतो. हात उचलत नाही. पहिले कामाचा राग यायचा. आता रागबी येत नाही. राग आला असता तर बरं होतं सर."

गजेंद्रच्या डोळ्यांपुढे ते तळघर उभं राहिलं. हेच त्याला पूनमला सांगायचं होतं आणि सांगता आलं नव्हतं.

"ठिपका पिवळा दिसते तुहा," तो कसाबसा म्हणाला.

"माहीत आहे. पोरं काय काय जुगाड करतेत, मलेबी माहीत आहे. पण एक तर काम होऊन नाही राह्यलं, त्याच्यात नाटक कशाले करू?"

गजेंद्रचे कान तापले. आतून माऊस टेबलावर घासल्याचा आवाज येत होता. "घरी सांगितलं?"

"कसं सांगू? बाबा गावभर सांगतेत, पोरगा इंजिनिअर आहे. त्याले खुर्चीवरून उठणं होत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "बोला गजेंद्र, नाव?"

"माझं लिहा."

"चेष्टा नको. माझ्यावर वरून घाई आहे. तुमचा ठिपका तर कायम हिरवा असतो."

"तो हिरवा ठिपका म्हणजे माझी आई आहे, मॅडम."

मग त्याने सगळं सांगितलं. तूर, ताट, माऊस, पायरी, काहीच गाळलं नाही. मॅडम आधी हसल्या. हसू मध्येच थांबलं.

"मी सकाळपासून नावं गोळा करतेय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही. पूर्वी यायचे हो. घरी जाऊन रडायचेसुद्धा मी. आता नुसती टाइप करते." मग त्यांनी विचारलं, "नीट विचार केलात ना?"

"विचार करायचं कधीच बंद झालं होतं. आज केला. प्रसेनजितला महिनाभर सुट्टी द्या. गावी जाऊ द्या त्याला."

"देते. तेवढं आहे माझ्या हातात." फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "सुटलात तुम्ही." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेवा होता.

पूनमला त्याने लगेच फोन केला. ती म्हणाली, "बरं झालं. घरी ये आता." नोकरी गेल्याचं दुःख व्हायला हवं होतं, ते कुठे दिसेना. गजेंद्रला कडकडून भूक मात्र लागली होती.

वच्छलाबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. तो पाट ओढून बसला.

"माय, उद्यापासून बसू नको लॅपटॉपवर."

"काऊन? सुट्टी आहे?"

"नौकरी सोडली मी."

त्यांचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही. गजेंद्रनेच ती उलटली.

"एक सांगू का रे?" त्या खाली बघत म्हणाल्या. "काल दुपारी डोळा लागला व्हता माहा. बसल्या बसल्याच. उठून पाह्यलं तं पिवळा झाला व्हता. तू पायरीवर निजला व्हता, म्हनून सांगतलं नाही. त्याच्यानंच गेली काय?"

"नाही माय. तसं नाही ते. मीच सोडली, माह्या मनानं."

"खरं सांग."

"खरंच सांगून राह्यलो."

त्याने परत परत सांगितलं, अन्‌ त्यांचे पाय धरून सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. पोरगं आईचं मन राखायला बोलतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"त्या पोराची तरी राह्यली ना?"

"राह्यली."

"मंग जेव."

त्यांनी ताटात गरम भाकरी वाढली, वर तुरीचं वरण घातलं, आणि माऊस हलवायचा तो उजवा हात पदराखाली घेऊन त्या त्याच्यासमोर बसून राहिल्या.