मामंजी, तुमचा!

बेबीनंदाच्या पोराचं नाव कल्याण. पण ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं असेल तर शपथ! सासऱ्याचं नाव ना ते. नातवाला आजोबाचं नाव ठेवून घरचे मोकळे झाले आणि सुनेच्या जिभेला कुलूप लागलं. मंग पोरगं पाळण्यात असल्यापासून ती त्याला ‘मामंजी’च म्हणे, तेही अहो-जाहो करून. "मामंजी, दूध प्या. मामंजी, चड्डी घाला." सगळं केदारखेडा गाव हसायचं.

आता मामंजी मोठे झाले होते आणि जालन्याच्या संघात पगारी बेसबॉल खेळत होते. "आई, मैदानावर त्या नावानं हाक मारलीस तर बघ," असा दमच दिला होता त्यानं.

पण घोळ वेगळाच झाला. त्याच संघात जाफराबादचा दुसरा कल्याण निघाला. बापाचं नाव कडूबा, आडनाव ठोंबरे, सगळं डिट्टो! त्यात दोघांची जागा मैदानाच्या टोकाला, शेजारी शेजारी. चेंडू दोघांच्या मधे उंच उडाला की साथीदारानं नाव पुकारायचं आणि ज्याचं नाव त्यानंच झेलायचा, अशी त्यांची पद्धत. "कल्याण!" म्हटलं की दोघंही पळत, न्हाईतर दोघंही थांबत. गावाच्या नावानं पुकारून पाहिलं, तर ‘जाफराबाद’ म्हणेपर्यंत चेंडू गवतात. छोटा-मोठा म्हणावं, तर छोटा व्हायला कुणी तयार न्हाई. उपांत्य सामन्यात तर दोघांची डोकी धडाधड आपटली.

प्रशिक्षक गयासोद्दीन सर मस्तगडचे, भलते तापट. "ये आखरी मौका! परत टक्कर झाली तर केदारखेडेवाला घरी. जाफराबादवाला फटके चांगले मारून राह्यला."

हे बेबीनंदाच्या कानावर आलं. पोरगं नीट जेवेना. अंतिम सामन्याला ती जीपमध्ये स्वतःला कोंबून घेऊन जालन्याला आली आणि मैदानाच्या कडेच्या दोरीला खेटून उभी राहिली.

आणि व्हायचं तेच झालं. चेंडू आभाळात, बराबर दोघांच्या मधे! "कल्याण! कल्याण!" सगळे बोंबलायला लागले. दोघं माना वर करून सुसाट सुटले. बेबीनंदाला पोराचा दम-बिम काही आठवला न्हाई.

"मामंजी, तुमचा! घ्या!"

"घेतो!" आईच्या हाकेला ओ देऊनच पोरानं झेप घेतली. ही हाक आपली न्हाई एवढं जाफराबादवाल्याला कळलं, तो जागीच थबकला. चेंडू मामंजींच्या हातात! मैदान खदखदून हसलं, पोराचे कान लाल झाले, पण हसू काही लपेना. मंग काय विचारता! पुढचा सगळा डाव गयासोद्दीन सरच घसा ताणून ओरडत होते, "मामंजी, जल्दी! मामंजी, पीछे!" टक्कर एकही झाली न्हाई आणि जालना जिंकलं.

खेळ संपल्यावर सर स्वतः तिच्याकडे आले. "ताई, तुमचे मामंजी पुढच्या साली पण आमच्याकडंच." बेबीनंदाचे डोळे भरून आले. तेवढ्यात जाफराबादचा कल्याण पळत आला आणि तिच्या पाया पडायला वाकला. तशी ती चटकन मागं सरली आणि तिनं डोक्यावर पदर घेतला.

"अगं बाई! तुम्ही पन कल्या..." तिनं जीभ चावली. "उठा, उठा मामंजी! सासरे सुनेच्या पाया पडतेत का कुठं?"