डोंगल कुणाचं

चिंचोळीतल्या आमच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर दोनच, दोन्ही म्हातारे. वायफाय पकडायला त्यांच्या मागं नखाएवढं डोंगल खोचावं लागतं. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर दीक्षा, अकौंटच्या कॉम्प्युटरवर पंचाक्षरी अण्णा. दुसऱ्याची वस्तू आपली वाटायला अण्णांना वेळ लागत नाही. माझी पेनं साक्षीला आहेत.

मागच्या महिन्यात मालकांना दिसलं, की डिस्पॅचच्या नंबरवर दिवसभर शेअर बाजाराचे व्हिडिओ चालतात. राउटर ज्यावरून मशीन ओळखतो, तो हा नंबर. राउटर बसवतानाच मालकांनी तो चिठ्ठीवर लिहून दीक्षाच्या कॉम्प्युटरला चिकटवून ठेवलेला. सगळ्यांसमोर तिची खुर्ची काढून तिला पॅकिंगला धाडलं.

"पोरींच्या हातात नेट दिलं की असंच हुतंय, मालक," अण्णा म्हणाले.

दीक्षा अण्णांकडं एकदा बघून पॅकिंगकडं निघाली. मी ओळखलं, ही व्याजासकट वसूल करणार.

काल नवा राउटर आला. मालकांनी मशीनचे नंबर परत मागितले. अण्णांना काही सापडेना. शेवटी पॅकिंगमधून दीक्षालाच बोलावलं.

तिनं अण्णांच्या कॉम्प्युटरवर कमांडची काळी खिडकी उघडून एक कमांड मारली. दोन नंबर आले, एक वायरीच्या पोर्टचा, एक वायरलेसचा. वायरलेसचा वाचून ती गालातल्या गालात हसली.

"अण्णा, ह्या मशीनवर दुसरं कुणी बसतंय का?"

"कुणाची टाप हाय? डोंगलला पण कुणी हात लावत न्हाय."

"मग मालकांना मोठ्यानं वाचून दाखवा की. खालचा."

अण्णांनी पाढ्यासारखा वाचला. लिहिता लिहिता मालकांचं पेन थांबलं. ते उठून दीक्षाच्या कॉम्प्युटरवरची चिठ्ठी बघून आले.

"दोघांचा एकच नंबर कसा काय?"

"हा नंबर कॉम्प्युटरच्या डब्याचा नसतो, मालक, डोंगलचा असतो," दीक्षा म्हणाली. "माझं चांगलं डोंगल अण्णांनी काढून घेतलं आणि त्यांचं ढिलं माझ्या मशीनला खोचलं. मग व्हिडिओ कुणाच्या मशीनवर चालत हुते, ते त्यांनाच विचारा."

अण्णांनी आवाज खाली आणला. "दीक्षा, बाजूला घिऊन सांगायचं हुतंस की गं."

"माझी खुर्ची बाजूला घिऊन काढली हुती व्हय, अण्णा?"

मालक घसा साफ करत म्हणाले, "बस बाई तुझ्या जागेवर."

"बसते की. खुर्ची गोदामात हाय, अण्णा आणतील." मग अण्णांकडं वळून, अगदी गोड आवाजात, "मागच्या दारानं नको हं. पॅकिंगच्या बायकांमधनं या."