गिळलेला शब्द

मित्रांनो, टेबलावरचा फोन तुम्ही कदाचित जुन्या सिनेमातच पाहिला असेल. मी तसाच एक आहे. रंग फिकट पिवळा, पोटावर बटणं आणि रिसीव्हरला जोडलेली वेटोळ्यांची वायर. दक्षिण बंगळूरमधल्या आरोग्य खात्याच्या एका लहानशा कार्यालयात मी राहतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. आज माझं थोडं ऐका.

माझी तरुणपणाची वर्षं मजेत गेली. डासांसाठी धूर कधी मारणार, कुत्रं चावलं तर इंजेक्शन कुठे मिळेल, पोलिओचा डोस कोणत्या रविवारी, हे सगळं लोक मलाच विचारत. दसऱ्यातल्या आयुधपूजेला मला कुंकू लागे आणि माझ्या डोक्यावर शेवंतीचं फूल बसे. मी भलताच फुशारून जाई. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. माझ्यावर चहाचे ग्लास ठेवले जाऊ लागले आणि शेवटी माझी रवानगी कपाटाच्या माथ्यावर झाली. तिथे पडल्या पडल्या माझी वायर आतून झिजली. ती एका बाजूला वळली की बोलण्यातला एखादा शब्द खाऊन टाकायची.

पुढे कोरोनाची साथ आली. दुसऱ्या लाटेत तर हॉस्पिटलात बेड मिळणं मुश्कील झालं. आमच्या भागातल्या कोणत्या रुग्णाला कुठला बेड द्यायचा, ते आमच्या कार्यालयातून ठरू लागलं. लाईनी पुरेनात, म्हणून मला खाली काढलं, पुसलं आणि टेबलावर मांडलं. खरं सांगू? बाहेर माणसं श्वासासाठी तडफडत होती आणि मी मनातून खूश होतो. पुन्हा माझी गरज पडली होती ना! त्या खुशीची मला आजही लाज वाटते.

माझ्यापाशी सुशीलाबाई बसायच्या. बसवनगुडीतल्या जुन्या मराठी घरातल्या. घरी मराठी आणि ऑफिसात दिवसभर कन्नड. त्यांनी पहिल्याच दिवशी माझं दुखणं ओळखलं आणि साहेबांना, मोहनकुमारांना सांगितलं, "सर, वायर सरी इल्ला, बिघडलीय. मधलेच शब्द जातात."

मोहनकुमारांच्या दोन्ही कानांना दोन मोबाईल होते. ऑक्सिजनच्या गाडीचा पत्ता लागत नव्हता. "सुशीलम्मा, ईग स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी," आत्ता जरा सांभाळून घ्या, एवढंच ते बोलले.

सुशीलाबाईंनी अ‍ॅडजस्ट केलं. वायर अंगठ्याने एका जागी दाबून धरली की मी शहाण्यासारखा वागायचो. आणि मी? दुरुस्तीला गेलो तर परत आणणार नाहीत, अशी मला धास्ती होती. वायर कुणी बदलत नाही, हे मला बरंच वाटलं.

मित्रांनो, इथे कन्नडमधले दोन शब्द ध्यानात ठेवा. 'बेकु' म्हणजे हवं आणि 'बेडा' म्हणजे नको.

एका सकाळी नीलिमाचा फोन आला. ती नागपूरहून नोकरीसाठी आलेली, आयटीतली मुलगी. तिच्याकडे राहायला आलेल्या वडिलांना, पुरुषोत्तमरावांना, श्वास घेता येत नव्हता. त्यांचं नाव आधीपासून आमच्याकडे नोंदलेलं होतं आणि नेमका तेव्हाच एक बेड रिकामा झाला होता. सुशीलाबाईंनी घाईघाईने विचारलं, "बेड बेका, बेडवा?" हवा की नको? तेवढ्यात शेजारचा फोन वाजला, तो उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि वायरीवरचा अंगठा सुटला.

नीलिमाला कन्नड येत नव्हतं. प्रश्नातला 'बेड' तेवढा तिला कळला. ती रडत ओरडली, "बेड चाहिए! बेड चाहिए!"

'चाहिए' मी गिळला. दोन्ही वेळा गिळला.

सुशीलाबाईंच्या कानात पडलं ते नुसतं "बेड... बेडऽ". बेड बेडा. बेड नको. त्या दिवसांत असं सांगणारे पुष्कळ असत. कुणाची दुसरीकडे सोय झालेली असे, कुणाला आता गरजच उरलेली नसे. सुशीलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "सरी अम्मा," आणि तो बेड त्यांनी पुढच्या रुग्णाला दिला. 'सरी' म्हणजे ठीक, एवढं नीलिमाला ठाऊक होतं. तिचा जीव भांड्यात पडला. बेड मिळाला असं समजून ती हॉस्पिटलच्या गाडीची वाट पाहत बसली.

दुपारभर तिने फोन केले आणि दुपारभर मी बिझी होतो. संध्याकाळी एकदाची लाईन लागली. सुशीलाबाईंचा अंगठा आता जागेवर होता. नीलिमा आधी वडिलांशीच बोलत होती. "बाबा, डोळे मिटू नका ना. गाडी निघालीय. सरी म्हणाल्या त्या बाई."

"अय्यो, तू मराठी?" सकाळचा आवाज ओळखून सुशीलाबाई उभ्याच राहिल्या. "अगं, सकाळी तूच बेड बेडा म्हणालीस की!"

"बेडा म्हणजे काय?"

"नको गं. बेडा म्हणजे नको."

मग सुशीलाबाईंनी सगळं कार्यालय डोक्यावर घेतलं आणि बेड मिळवला. गाडीही पोचली. पण पुरुषोत्तमराव हॉस्पिटलच्या दारापर्यंतच टिकले.

काही दिवसांनी सुशीलाबाईंनी स्वतःहून नीलिमाला फोन लावला. "माझंच चुकलं, पोरी," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा विचारायला हवं होतं."

"नाही हो काकू," नीलिमा म्हणाली. "मीच नीट सांगितलं नसणार. घाबरून नुसतं बेड, बेड करत बसले असेन. एक 'चाहिए' म्हणाले असते, तर आज बाबा असते."

मी दोघींच्या मधोमध होतो. दोघीही माझा अपराध आपल्या पदरात घेत होत्या आणि मला बोलता येत नव्हतं.

साथ ओसरल्यावर माझी वायर बदलली. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम झालं. आता मी प्रत्येक शब्द स्वच्छ पोचवतो. त्या दिवशी मी पुरता बंद पडलो असतो तर बरं झालं असतं, असं मला फार वाटतं. तिने दुसऱ्या लाईनीवर फोन केला असता आणि तो शब्द पोचला असता.

म्हणून मित्रांनो, एखादी वस्तू अर्धवट बिघडली असेल, तर चालतंय म्हणून चालवू नका. नीट ऐकू आलं नाही, तर लाजू नका, पुन्हा विचारा. आणि माझं एक काम करा. नीलिमा तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा, की ती 'चाहिए' म्हणाली होती. दोनदा म्हणाली होती. मी ऐकलं होतं.