नानासो कंडक्टरची मिरवणूक

खैरवाडीत घरटी एक फौजी. फौजी रिटायर होऊन आला की फाट्यावर उघडी जीप, डोक्याला फेटा, पुढं हलगी आणि गावभर गुलाल. ही जीप माजी सैनिक मंडळाची. ती कुणासाठी काढायची, हे मंडळाचे अध्यक्ष आकाराम सुभेदार ठरवत.

नानासो एकतीस मेला एसटीच्या कंडक्टरकीतून रिटायर झाले. चौतीस वर्षांत गावातला प्रत्येक फौजी भरतीला त्यांच्याच गाडीतून गेला होता. त्यातल्या काहींना तर घाटात उलटीसाठी पिशवीही त्यांनीच दिली होती. तेव्हा शेवटच्या ड्युटीवरून येताना फाट्यावर जीप असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. फाट्यावर एक कुत्रं होतं. तेही दुसऱ्याच कुणाची वाट बघत होतं.

"आवं, फेटाच पायजे तर मी बांधते की," घरी चंद्राबाई म्हणाल्या.

"नवऱ्याला बायकूनं फेटा बांधला तर गाव काय म्हनंल? गावानं बांधाया पायजे."

सकाळी ते सुभेदारांच्या ओट्यावर हजर. "सुभेदार, आमचं काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाई, नाना. पर तुमी रोज सांजच्याला घरी येत हुता. आलेल्याच माणसाचं स्वागत कसं करायचं? लांब ऱ्हाऊन येतो त्याची मिरवणूक. नियम हाय."

"लांब म्हंजे किती दिस?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मंडळाची बैठक बसली. दोन तास, तीन वेळा चहा. शेवटी ठराव लिहिला गेला: जो कोणी गावाबाहेर सलग पंधरा दिवस राहून परत येईल, त्याची मिरवणूक काढावी.

"मग मी जाऊन येतो," नानासो म्हणाले.

ते तासगावला लेकीकडं, संयोगिताकडं गेले. पंधरा दिवस नुसतं राहायचं, एवढंच काम होतं, आणि ते भलतंच अवघड निघालं. चौथ्या दिवसापासून त्यांनी लेकीच्या घरात कुणाला दारात उभं राहू दिलं नाही. "पुढं सरका, मधी जागा हाय," म्हणून सासऱ्यांनी जावयालाही आत ढकललं. सोळाव्या दिवशी लेकीनं त्यांना जरा घाईनंच गाडीत बसवलं.

फाट्यावर खरंच जीप होती. सुभेदारांनी स्वतः फेटा बांधला. हलगी कडाडली. सुभेदार मागं बसले, नानासो जीपमध्ये चढले आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा गाडीत पुढच्या सीटवर बसले.

तेवढ्यात कराडच्या अंगानं अडीचशे मेंढरं आली. मागं धुळा, त्याची बायको हरणाबाई आणि घोड्यावर सगळा संसार, त्यावर दोन कोंबड्या. धुळाचं घर गावाच्या माळावर. दिवाळी झाली की तो मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो पावसाच्या तोंडाला परत. तो यायच्या दिवशीही लोक फाट्यावर जमायचे, पण काठ्या घेऊन. मेंढरं उसात शिरू नयेत म्हणून.

"कुणाचं लगीन हाय रं?" धुळानं विचारलं.

"मिरवणूक हाय," हलगीवाला म्हणाला. "नाना पंधरा दिस तासगावला हुतं."

धुळानं विचार केला. "पंधरा दिसावर काढता व्हय? मी आठ म्हैनं भाईर हुतो. दरसाल असतो."

"बत्तीस वर्सं झाली," हरणाबाई म्हणाली. "म्हंजे बत्तीस मिरवणुका ऱ्हायल्या की आमच्या."

हलगी थांबली. सुभेदारांनी खिशातून ठराव काढला आणि दोनदा वाचला. 'जो कोणी' हे त्यांनी स्वतःच घातलं होतं.

"पर धुळा, तू फौजेत कुठं हुतास?"

"नाना तरी कुठं हुतं?"

सगळे नानासोंकडं बघू लागले. नानासोंचा हात फेट्याकडं गेला. ही एवढी एक मिरवणूक त्यांना हवी होती, अगदी मनापासून. पण फाट्यावर माणसं उभी आहेत आणि मागं सीटा रिकाम्या ठेवून गाडी पुढं न्यायची, हे त्यांच्या हातून चौतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

ते खाली उतरले. "सुभेदार, आत सरका. हरणाबाई, तुमी पुढं बसा. धुळा, चढ."

"आन् मेंढरं?"

"मी आणतो."

सुभेदार काही बोलणार होते, पण तोवर सवयीनं आत सरकले होते. नानासो आपला फेटा द्यायला गेले तर धुळा म्हणाला, "मला हाय," आणि त्याचं लाल मुंडासं खरोखरच दुप्पट मोठं होतं.

अशी मिरवणूक गावात शिरली. पुढं हलगी, मग जीप, मग अडीचशे मेंढरं आणि सगळ्यांत मागं फेटा बांधलेले नानासो. "चला, पुढं सरका! मधी जागा हाय!" मेंढरं प्रवाशांपेक्षा कितीतरी शहाणी निघाली, लगेच सरकत होती.

चंद्राबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. जीप थांबली. त्यांनी धुळाला आणि हरणाबाईला ओवाळलं. नवऱ्याची पाळी येईपर्यंत ताटातली फुलं मेंढरांनी खाल्ली होती.

"आवं, मिरवणूक तुमची का ह्यांची?"

"थांब, मोजू दे आदी." नानासो बोटानं मेंढरं मोजू लागले आणि चंद्राबाई त्या चालत्या बोटाभोवती दिवा ओवाळत राहिल्या. "दोनशे एकोणपन्नास. एक कमी हाय!" नानासो म्हणाले.

"ते हितं पुढं बसलंय!" जीपमधून हरणाबाई ओरडली. तिच्या मांडीवर कोकरू होतं.

नानासोंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी हलगीवाल्याला दोन बोटं दाखवली. हलगी एसटीच्या घंटीसारखी दोनदा वाजली आणि मिरवणूक हलली.