सीटवर उभी राहिलेली मुलगी

"बाबा, तो दीपगृहाचा पिक्चर आला, तेव्हा मी किती वर्षांची होते?"

प्रश्न तिने एका दमात टाकला आणि काउंटरवरची एक बिनकाचेची फ्रेम उगाचच नाकावर चढवली. स्कर्टच्या खिशात फोन चालू होता. दुकानाच्या काचेबाहेर लंबू आणि वकिलीणबाई या तिच्या वर्गमैत्रिणी, दोघी एकाच फोनला कान लावून, एकमेकींना कोपरं मारत उभ्या होत्या. पैज आइस्क्रीमची होती. दुकानात गिऱ्हाईक असतानाच विचारायचं आणि हसायचं नाही, एवढीच अट.

"तीन," बाबा मान वर न करता म्हणाले. ते एका आजोबांच्या चष्म्याची दांडी बारीक स्क्रू-ड्रायव्हरने पिळत होते. "तीनही पुरी नव्हतीस. आजोबा, आमच्या या छोटीची गंमत सांगतो तुम्हाला."

ही गंमत तिला तोंडपाठ होती. अंधार होतो, पडद्यावर दीपगृह येतं, टायटल म्युझिक सुरू होतं आणि तीन वर्षांची मुलगी सीटवर उभी राहते. पडद्याकडे पाठ, लोकांकडे तोंड, आणि दोन्ही हात असे हलवते की जणू सगळा वाद्यवृंद तिच्याच इशाऱ्यावर चाललाय. टॉर्चवाला रागवायला येतो आणि हसत सुटतो. शेवटी टॉर्चच तिच्या हातात देतो. ही गोष्ट घरात आलेल्या प्रत्येकाने ऐकली होती. या गोष्टीपायीच नवव्या वर्षी तिने हट्ट करून माउथ ऑर्गन घेतला होता. आणि आता परवावर आलेल्या शाळेच्या कार्यक्रमात, 'माझं आवडतं चित्रसंगीत आणि त्याची आठवण' म्हणून, सगळ्यांत आधी तिलाच स्टेजवर जायचं होतं. आधी आठवण सांगायची, मग वाजवायचं. बाई म्हणाल्या होत्या, तुझी आठवण सगळ्यांत गोड आहे.

शिवाय तिला ते आठवतही होतं. तळपायाला चिकटणारं लाल रेक्झिन. हातात आलेला टॉर्च, त्या माणसाच्या मुठीने गरम झालेला.

"म्हणजे जन्मजात कलाकार!" आजोबा म्हणाले.

"पण बाबा, पिक्चर वीस वर्षांपूर्वीचा आहे. लंबूने फोनवर शोधलं. मी पंधराची आहे."

स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"मग... पुन्हा लागला असेल तेव्हा."

"पुन्हाच लागला होता," आई मागून म्हणाली. ती आरसे पुसत होती. या दुकानात इतके आरसे होते, की कुणाचा चेहरा कुठून दिसेल याचा नेम नसे. आत्ता तिला आईचे तीन चेहरे दिसत होते आणि एकही तिच्याकडे बघत नव्हता.

"विचार, कुठल्या थिएटरात!" खिशातून वकिलीणबाईंचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"हे काय?" बाबा दचकले.

"काही नाही. कुठल्या थिएटरात?"

"आपल्या जुन्याच. चौकातल्या."

"छे हो," आजोबा सहज म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, आपण मदत करतोय. "ते पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालं ना, अठरा वर्षं झाली. मीच पहिला मॅनेजर तिथला. रिटायर होईपर्यंत सोफेच विकले. तुमची काहीतरी गल्लत होतेय."

बाहेर लंबू तोंडावर हात दाबून वाकली होती. पैज जिंकली होती. आत तिने खिशात हात घालून फोन बंद केला.

आजोबा चष्मा घालून गेले. बाबांनी त्यांची रिकामी खुर्ची सरळ केली, मग पुन्हा थोडी वाकडी केली.

"ती ताई होती," आई म्हणाली.

"कोण ताई?"

"किती ताया आहेत तुला? मोठ्या काकांची धाकटी."

ती हसलीच. मोठ्या काकांची धाकटी म्हणजे ती उभ्या चेहऱ्याची ताई, जी गाड्या शिकवते. घरच्या कुठल्याही कार्यक्रमात हिने माउथ ऑर्गन काढला, की जी हातातली ताटली घेऊन बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसते. 'जळते माझ्यावर,' असं हिने लंबूला कितीदा तरी सांगितलं होतं.

"ती कशाला तुमच्याबरोबर पिक्चरला येईल?"

आईने फडका घडी केला. मग उघडला, पुन्हा घडी केला. आणि हळूहळू, एकेक वाक्य, जणू दुसऱ्याच कुणाच्या घरातलं असावं असं सांगितलं. लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं. काकांना तिसरी मुलगी झाली. सहा महिन्यांची असताना ती यांच्याकडे आली. कागद वगैरे काही केले नाहीत, घरातल्या घरात कसले कागद. आठ वर्षं ती इथेच वाढली.

"मग?"

"मग तू झालीस."

एकुलत्या एका मुलीला घरात छोटी का म्हणतात, हे तिला आजवर कधी खटकलं नव्हतं. तिने नाकावरची फ्रेम काढून ठेवली.

"दादाच म्हणाला तेव्हा," बाबा घाईने म्हणाले. "म्हणाला, आता तुम्हाला तुमचं झालंय, आमची आम्हाला..."

"भावजी काही म्हणाले नव्हते," आई म्हणाली. "सांगायचंच आहे तर नीट सांगा. आपण म्हटलं. दुकान तेव्हाच घातलेलं, ही तान्ही. दोघींचं झेपलं नसतं. तिची बॅग मी भरली."

बाबा काचेबाहेर बघत राहिले. बाहेर लंबू अजून हातवारे करत होती, आइस्क्रीम, आइस्क्रीम.

"पण मला का सांगितलंत ते माझं म्हणून?"

"असं ठरवून नाही गं सांगितलं." आईचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तू सारखी विचारायचीस, मी लहान असताना काय करायचे, मी लहान असताना काय करायचे. काय सांगणार? आम्ही सकाळी नऊला दुकानात, घरी यायचो तेव्हा तू झोपलेली. तुला बघायला बाई होती. ताईच्या वेळी हे दुसऱ्याकडे नोकरीला होते, मी घरी होते. वेळच वेळ होता. एकदा तोंडातून निघून गेलं. तुझा चेहरा असा काही खुलला, की..."

वाक्य तिथेच राहिलं. एक बाई आत आल्या आणि गॉगल दाखवा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात जाऊन उभी राहिली. ताई गाडीत बसतच होती.

"तू इथे कशी?"

"बोलायचंय."

"माझी शिकवणी आहे."

"मी मागे बसते."

ताईने खांदे उडवले. पुढे स्टिअरिंगवर एक भरभक्कम मावशी होत्या, दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलेलं की कुणी पळवून नेईल. ताईच्या पायाखाली तिचा स्वतःचा वेगळा ब्रेक होता.

"निघा. हळू. आरसा बघितलात?"

"बघितला ना."

"काय दिसलं?"

"ही मुलगी."

"मागची गाडी दिसायला हवी, मावशी. आरसा फिरवा."

गाडी दोन धक्के खाऊन निघाली. मावशींनी लगेच गप्पांना सुरुवात केली. नवरा म्हणतो, तुला आधी सायकल तरी येते का. आता याच गाडीतून त्यालाच डॉक्टरकडे नेऊन दाखवते. ताई हं हं करत होती. तिचं लक्ष रस्त्यावर होतं, किंवा तसं ती दाखवत होती.

"ताई, तू आमच्याकडे राहायचीस?"

"सेकंड टाका, मावशी."

"आईने काल सांगितलं."

"बरं."

"तू तेव्हा आईला काय म्हणायचीस?"

"क्लच, मावशी, क्लच! एकदम सोडू नका."

गाडी बंद पडली. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. मावशींनी हॉर्नवाल्याच्या सात पिढ्यांची आस्थेने चौकशी केली, पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडी कशीबशी पुढे निघाली.

ती मागच्या सीटवर पुढे सरकून बसली. काल रात्रभर तिने एक छान वाक्य तयार केलं होतं. आता त्यातला एकही शब्द सापडेना.

"ते टायटल म्युझिक उद्या मी वाजवणार आहे. शाळेत. ते तुझं आहे."

"माझं कसलं? मी काय बनवलंय का ते?" ताई हसली, पण तोंडाच्या एकाच कोपऱ्याने. "आणि मला काही आठवत नाही. तीन वर्षांचं असतानाचं कुणाला आठवतं?"

"मला आठवतं," ती बोलून गेली. मग कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे, वाटायचं की आठवतं. लाल सीट. आणि तो टॉर्च. गरम."

समोरचा रस्ता रिकामा होता. ना माणूस, ना कुत्रं. तरी गाडी जागच्या जागी थांबली.

"आता काय केलं मी?" मावशी रडकुंडीला आल्या.

"तुम्ही काही नाही केलं. माझा पाय पडला."

ताईने पाय उचलला नाही. ती समोरच बघत बोलली, मावशींना सूचना द्यावी तितक्याच सपाट आवाजात.

"टॉर्च गार होता. पत्र्याचा. आणि मी काही वाद्यवृंद-बिद्यवृंद चालवत नव्हते. ती दोघं मला बसवून खायला आणायला बाहेर गेली होती. तेवढ्यात अंधार झाला आणि ते वाजायला लागलं. मला वाटलं, गेली. मी मागे तोंड करून त्यांना बोलावत होते, हात हलवून. तर दोघं दारात उभी राहून हसत होती."

मावशी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होत्या.

"त्यानंतर रोज रात्री तीच कॅसेट लावायचे. 'हिला आवडतं' म्हणून. मी कधी नाही म्हटलं नाही. आवडतं म्हटलं की ते खूश व्हायचे." ताईने पाय काढला. "चला मावशी, फर्स्ट. तू इथे उतर. त्यांच्या पैशांतला वेळ जातोय."

ती उतरली. दार लावायच्या आधी तिने विचारलं, "मग नको ना वाजवू?"

"वाजव की. चांगलं वाजवतेस, काकू सगळीकडे सांगत असते." काकू हा शब्द ताईने जरा सावकाश उच्चारला. "फक्त मला त्यात ओढू नकोस. माझं नाव नको घेऊस, कुठेच."

गाडी धक्के खात गेली. वळणावर इंडिकेटर उजवा लागला आणि गाडी डावीकडे वळली.

घरी आई उद्यासाठी तिचा ड्रेस इस्त्री करत होती. बाबांनी स्वतःसाठी नवी फ्रेम काढली होती, सोनेरी काडीची, आणि आरशासमोर मान तिरपी करून बघत होते. कालचं बोलणं दोघांनी धुऊन, वाळवून, कपाटात ठेवून दिलं होतं बहुतेक.

"कशी दिसते? पहिल्या रांगेत बसायचं म्हणजे जरा..."

"मला माझी एक गोष्ट सांगा," ती म्हणाली. दप्तर अजून पाठीवरच होतं.

"कसली?"

"लहानपणची. कुठलीही चालेल. पण माझीच हवी."

"एवढंच ना?" बाबांना एकदम हुरूप आला. "तू एकदा माझ्या शर्टाचं बटण गिळलंस! निळं. रात्रभर आम्ही दोघं..."

"ते तिने," आई म्हणाली.

"तिने?"

"निळा शर्ट आपण दुकान घालायच्या आधीचा."

बाबांनी फ्रेम काढली. शर्टाच्या टोकाने काच पुसू लागले. फ्रेमला अजून काच बसवलेली नव्हती.

"शाळेचा पहिला दिवस," ते थोड्या वेळाने म्हणाले. "गेटपाशी माझा हातच सोडेना ही. आठवतं?" त्यांनी आईकडे बघितलं.

"हिला सोडायला बाई गेली होती. आपलं त्या दिवशी लेन्सचं मशीन यायचं होतं."

इस्त्री एकाच जागी फार वेळ राहिली होती. वास आला तशी आईने ती झटकन उचलली आणि बाहीवरच्या पिवळट डागावर हात ठेवला, जणू तो दिसला नाही तर नसेलच.

"आहे गं," आई म्हणाली. "असं कसं नसेल? आठवेल. जरा आठवू तर दे."

तिने आठवू दिलं. खरंच दिलं. भिंतीला पाठ लावून, दप्तराच्या पट्ट्यांत अंगठे अडकवून ती उभी राहिली आणि आळीपाळीने दोघांकडे बघत राहिली. कालपर्यंतची ती असती तर एव्हाना हसून म्हणाली असती, जाऊ दे गं, सोड. तो शब्द जिभेपर्यंत आलाही. तिने तो गिळला. बाबांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा आधी आईच्या चेहऱ्याकडे बघून मिटलं. खालून कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि लांब गेली.

"तू कधी रडायची नाहीस," आई शेवटी म्हणाली. "बाई सांगायची. अजिबात त्रास नाही म्हणायची."

तिने मान हलवली. मग दप्तर काढून खुर्चीवर ठेवलं.

"उद्या मी वाजवणार आहे," ती म्हणाली. "आठवण नाही सांगणार. शाळेत बाईंना तसं सांगून आलेय. नुसतं वाजवणार."

"बरं, बरं," बाबा लगबगीने म्हणाले. "तुला हवं तसं कर. आम्ही समोरच..."

"तुम्ही दोघांनी यायचं नाही."