शौरनने लावलेली वात

यूझेन घासफटाक्यांच्या शेडमध्ये कामाला होती. फटाक्याच्या टोकाला काडीच्या गुलासारखा मसाला लावायचं तिचं काम. असला फटाका पेटवायला विस्तव लागत नाही; पेटीच्या खरबरीत बाजूवर घासला की झालं. त्या सकाळी वाळलेल्या फटाक्यांचा ट्रे कुणीतरी उचलायचा सोडून ओढला आणि शेड उडाली. आत चौघी होत्या. एकही वाचली नाही.

चीनमधल्या लियूयांगकडच्या आमच्या गावांत फटाके वाजल्याशिवाय शवपेटी उंबरठा ओलांडत नाही. वात लावायचा मान मुलाचा. यूझेनला मुलगा नव्हता. पुतण्या देफा उदबत्ती पेटवून पुढे झाला, तसा तिचा नवरा तान शौरन आडवा आला. वात मीच लावणार, म्हणाला.

लोक एकमेकांकडे बघू लागले. शौरनने उमेदीत फटाक्यांची दारू कुटली होती. त्या कामात उजवा हात मनगटापासून गेला, डाव्याला दोन बोटं उरली, आणि आता तीही थरथरत. देफाने उदबत्ती दिली. शौरनने तीनदा प्रयत्न केला; निखारा वातीच्या कधी या बाजूने जाई, कधी त्या. चौथ्यांदा उदबत्तीच मोडली.

"काका, पुरे आता. लोक ताटकळलेत," देफा म्हणाला.

"तुझी काकू कुठे घाईत आहे?"

मग त्याने मुलीला, लानयिंगला, कपाटातली पेटी आणायला सांगितली. यूझेनने नातवासाठी बाजूला ठेवलेले घासफटाके होते ते. लानयिंग जागची हलेना.

"बा, ते नको. दुसरं काहीही सांगा."

"घासायला नेम लागत नाही, पोरी. एवढंच माझ्या हातून होईल."

शेवटी तिने पेटी आणली. त्याने सांगितलं तसा तिने एक फटाका माळेच्या वातीला दोऱ्याने बांधला. शौरनने पेटी उजव्या काखेत दाबली, दोन बोटांत फटाका धरला आणि एकदाच ओढला. फर्रकन जाळ झाला, वात सुरसुरली. तो मात्र तिथेच उभा राहिला. माळ तडतडू लागली तरी मागे सरेना. देफाने कमरेला मिठी मारून त्याला ओढलं, तोवर बाही पेटली होती. लानयिंगने ती दाराजवळच्या बादलीतल्या ओल्या फडक्याने विझवली.

शवपेटी निघाली. हात भाजला होता तरी शौरन डोंगरापर्यंत चालत गेला. माती लोटून झाल्यावर देफाला म्हणाला, "ढकलायला नको होतंस."

"ढकललं नाही काका, ओढलं."

"तेच ते."

नवं वर्ष तोंडावर आलं, तशी शेड पुन्हा उभी राहिली. गावात दुसरं काम नव्हतं. लानयिंग आईच्या जागेवर बसू लागली. शौरनने तिला अडवलं नाही. रोज सकाळी ती निघाली की तो दारात यायचा आणि तिच्या कॉलरच्या आत, बाह्यांच्या आत बोटं घालून चाचपायचा, नायलॉनचं काही अंगावर नाही ना. नायलॉन घासलं तरी ठिणगी पडते. ती मान खाली घालून उभी राहायची. चाचपून झालं की तो बाजूला व्हायचा.